मांजराचे खाणे आणि महिन्याचा हिशेब

(नागपुरात मांजर पाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

मांजराला काय खाऊ घालावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पंचवीस तारखेनंतर घरात किती पैसे शिल्लक असतात हे ध्यानात घेऊन सांगणारे फार थोडे. त्यामुळे सल्ला ऐकणारा माणूस एक तर महागडे पाकीट आणून पंधरा दिवसांत थकतो, नाही तर 'आमच्या आजीच्या वेळी मांजर दूध-पोळीवरच जगायचे' असे म्हणून मोकळा होतो. आजीच्या वेळचे ते मांजर धान्याच्या कोठीतले उंदीरही खात होते आणि त्याचे खरे जेवण तेच होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की काटकसर कंपनीच्या नावात करावी, चवीत करावी, प्रमाणात तर जरूर करावी. पण आहाराच्या परिपूर्णतेत करू नये, कारण तिथे वाचवलेला रुपया पुढे दवाखान्यात कित्येक पटींनी द्यावा लागतो.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. आपण गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून शरीरात अ-जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते जमत नाही, त्याला ते प्राण्यांच्या अवयवांतून आयतेच मिळावे लागते. आपण ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून काही प्रमाणात नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) बनवतो, मांजर जवळजवळ बनवत नाही. त्याच्या जिभेला गोड चवसुद्धा कळत नाही. पिल्लूपण सरले की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते. म्हणून रोज वाटीभर दूध पिणाऱ्या मांजराची विष्ठा पातळ दिसते आणि घरचे लोक दोष उन्हाळ्याला देतात. वरण-भात, दही-भात आणि पोळीचा कुस्करा यांनी पोट भरते, मांजर लठ्ठही होते, पण ते आतून उपाशीच राहते.

या सगळ्यात टॉरीन या घटकाकडे मी विशेष लक्ष वेधते. कुत्रा तो आपल्या शरीरात तयार करू शकतो, मांजर पुरेसा करू शकत नाही. म्हणूनच कुत्र्याच्या पिशवीतले खाद्य मांजराला रोज देणे ही बचत नव्हे. टॉरीन कमी पडले की डोळ्यांचा पडदा हळूहळू झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराने ग्रासलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरीन अगदी कमी असल्याचे दाखवून दिले, आणि ते पुरवल्यावर त्या हृदयांचे काम सुधारल्याचेही दाखवले. यातली खरी बोचणारी गोष्ट पुढेच आहे: त्यातली मांजरे घरचा भात खाणारी नव्हती, ती कारखान्यात तयार झालेल्या खाद्यावर वाढत होती. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या खाद्यातले टॉरीन वाढवले. प्रयोगशाळा पदरी असलेल्यांचा अंदाज जिथे चुकला, तिथे केवळ चिकन शिजवून आपण सगळे घटक जुळवू असा भरवसा धरण्याआधी थोडे थांबावे, एवढेच मी म्हणेन.

घरी शिजवलेल्या चिकनला माझा विरोध नाही, पण त्यावरच मांजर ठेवण्याला आहे. एक तर उकळताना टॉरीन पाण्यात उतरते, आणि आपण नेमके ते पाणी मोरीत ओततो. दुसरे म्हणजे हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. मग शरीर रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी ते हाडांतून काढू लागते. तीन-चार महिन्यांचे, दिसायला गुटगुटीत, केवळ बोनलेस चिकन आणि कलेजीवर वाढवलेले पिल्लू दिवाणावरून उडी मारते आणि मागचा पाय मोडतो. क्ष-किरण चित्रात हाडाची कड आजूबाजूच्या मांसातून जेमतेम वेगळी ओळखू येते. मालकाने प्रेमात काही कमी केलेले नसते, खर्चही बऱ्यापैकी केलेला असतो.

आता हिशेबाकडे वळू. चार किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरातच वावरणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला 50 ते 57 ग्रॅम आणि महिन्याला सुमारे 1.6 किलो खाद्य पुरते. ओल्या खाद्याचे 85 ग्रॅमचे पाऊच घेतले तर त्यात साधारण 70 कॅलरी असतात. केवळ त्यावर मांजर ठेवायचे तर रोज तीन, महिन्याला नव्वदच्या आसपास. दुकानात उभे राहून पिशवीची आणि पाऊचची किंमत शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यास काही कळत नाही. महिन्याची किंमत काढली की चटकन कळते. मध्यमवर्गीय घरासाठी मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा, की पाया परिपूर्ण कोरड्या खाद्याचा ठेवावा आणि जमेल तेव्हा त्यावर अर्धे पाऊच द्यावे. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा दिवसाचे 55 ग्रॅम तोलून घ्यावेत, घरातल्या एका वाटीवर तेवढ्याची खूण करावी आणि मग घरातल्या प्रत्येकाने दिवसभर त्याच वाटीतून वाढावे. सकाळी आईने, दुपारी आजोबांनी आणि रात्री मुलाने 'बिचारे ओरडत होते' म्हणून घातलेले खाणे मोजले, तर पुष्कळ घरांत बचतीची वाट तिथेच सापडते.

पिशवीवर पाहायचे ते 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द, आणि ते कोणत्या वयासाठी लिहिले आहेत ते. 'कॉम्प्लिमेंटरी' (पूरक) किंवा 'ट्रीट' असे छापलेले असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. ग्रेन-फ्री (धान्यविरहित) या शब्दासाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही, कारण नीट शिजवलेला तांदूळ किंवा मका निरोगी मांजराला मर्यादेत पचतो. ठरावीक जातीच्या मांजराचा फोटो लावलेली पिशवी तर आपल्या गल्लीतल्या साध्या मांजरासाठी कशाला घ्यायची! घरात भाटी आणि तिची पिल्ले दोन्ही असतील, तर 'ऑल लाइफ स्टेजेस' असे लिहिलेली एकच पिशवी सगळ्यांना चालते. प्रौढ मांजराचे खाद्य पिल्लांना मात्र देऊ नये.

मोठ्या गोणीतून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त पडते खरे, पण ते केव्हा उघडले, मुदत केव्हाची आहे, हे कळायला मार्ग नसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट व्हायला वेळ लागत नाही आणि पावसाळ्यात बुरशी. म्हणून एका मांजरासाठी दहा किलोची गोणी घेण्याऐवजी दोन-तीन घरांनी मिळून ती घ्यावी, आणि उरलेले खाद्य मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बांधून, डब्यात ठेवावे. मुंग्यांसाठी ताटलीत थोडे पाणी घालून त्यात वाटी ठेवली की काम भागते.

पाण्याबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगायला हवे. मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते, आणि कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला असताना केवळ कोरडे खाणारा बोका लघवी अडून दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या जिवाशी खेळ असतो. त्याने वारंवार जोर करूनही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवावीत, खाद्यावर कोमट पाणी शिंपडून द्यावे, आणि ओले झालेले खाद्य उन्हाळ्यात तासाभरात उचलावे.

रोजचे मुख्य खाद्य परिपूर्ण असेल, तर दिवसाच्या कॅलरीपैकी दहाव्या भागापर्यंत बाकीचे चालते. तो दहावा भाग म्हणजे 20 कॅलरी, उकडलेल्या चिकनचे दहा-बारा ग्रॅम किंवा पाव उकडलेले अंडे. चिकन सेंटरमध्ये कोंबडीची हृदये स्वस्तात मिळतात. त्यांत टॉरीन चांगले असते, ती मीठ-मसाल्याविना शिजवून पाण्यासकट द्यावीत. कलेजी आठवड्यातून एकदा, बोराएवढीच, कारण अ-जीवनसत्त्वाचा अतिरेक मांजराची मानेची हाडे जखडून टाकतो. तलावातला मासा काटे काढून शिजवूनच द्यावा. कच्च्या माशांपैकी काहींत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि तो उष्णतेने जातो. सुके झिंगे खारट असतात, तेव्हा ते टाळलेलेच बरे. सावजी रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

शाकाहारी घरांतून एक प्रश्न नेहमी येतो, की आम्ही घरात मांस शिजवत नाही, मग मांजर शाकाहारी ठेवावे का. ठेवू नये. कोरड्या खाद्याची पिशवी अंगणात किंवा गॅलरीत ठेवता येते, स्वयंपाकघराला तिचा स्पर्शही होत नाही. ही सोय मान्य नसेल, तर मांजर न पाळणे हा अधिक प्रामाणिक निर्णय होय.

शेवटी, स्वस्त पिशवीकडे वळताना घाई करू नये. सात ते दहा दिवसांत जुन्यातले कमी करत नवे वाढवावे. 'भूक लागली की खाईल' हा न्याय मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि मग त्याची खाण्याची इच्छाच जाते. पूर्ण एक दिवस त्याने नव्याला तोंड लावले नाही, तर जुने परत सुरू करावे. तेही नाकारले, तर आपला नेहमीचा डॉक्टर किंवा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना त्याच दिवशी गाठावा, आणि जाताना दोन्ही पिशव्यांच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत.