विंडोजचा ढोल, लिनक्सच्या गळ्यात

[पडद्यावर एफएल स्टुडिओ. कर्सर प्ले दाबतो. ढोल-ताशाचा लूप सुरू.]

हा एफएल स्टुडिओ, गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. विंडोजसाठी लिहिलेला. आत्ता ज्या कॉम्प्युटरवर तो वाजतोय, त्यात विंडोज नाही.

उत्तर नागपूर, इंदोरा. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, भिंतींना फोम, दारावर जुनी रजई. इथे भीमगीतं रेकॉर्ड होतात, मारबतीच्या आधी डीजेवाल्यांची रिमिक्स होतात, लग्नसराईत वरातीची गाणी. मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात आणि गायक माइकसमोर उभा राहिला की कूलर बंद करावाच लागतो. त्या चार मिनिटांत गायक घामाघूम होतो आणि कॉम्प्युटरही तापतो. ही गरमी पुढे गोष्टीत येणार आहे.

स्टुडिओ मामांचा. कॉम्प्युटरचं खातं भाचीकडे.

14 ऑक्टोबर ही तारीख नागपुरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. 1956 साली याच दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. 2025 साली याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नुसता योगायोग, पण मामांच्या मात्र तारीख लक्षात राहिली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, नव्या पिढीतला प्रोसेसर लागतो. मामांचा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा. मशीन ठणठणीत, रॅम सोळा जीबी, भंगारात कशाला द्यायची? भाचीने विंडोज काढून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली.

मामांनी एवढंच विचारलं, "काय वो बाई, माह्ये जुने प्रोजेक्ट उघडतीन काय?"

"उघडतीन ना मामा. पण सगळेच प्लगइन येतीन, असं मी नाही म्हणत."

[जुन्या प्रोजेक्टची लांबलचक यादी स्क्रोल होते.]

प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरच्या आत जोडायचे छोटे प्रोग्राम: एखादं वाद्य, एखादा इफेक्ट. पण खरी अडचण या यादीत आहे. एफएल स्टुडिओची प्रोजेक्ट फाइल एफएल स्टुडिओच उघडतो. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने 1997 साली तो फ्रूटीलूप्स नावाने आणला. मॅकसाठी अस्सल आवृत्ती यायला 2018 उजाडलं. लिनक्ससाठी ती आजही नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या गाण्यातला फक्त कोरसचा आवाज वाढवून हवा असेल, तरी हेच सॉफ्टवेअर चालवावं लागतं.

मग चालवलं कसं? वाइनने. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवून देणारं सॉफ्टवेअर.

वाइनचं काम 1993 साली सुरू झालं. 1994 पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड ते सांभाळतायत आणि 1.0 हा आकडा लावायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षं! आपल्याकडे उड्डाणपुलाला एवढा वेळ लागला तर आपण काय काय बोलतो.

ही विंडोजची नक्कल करणारी मशीन नव्हे. व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खं विंडोज आत बसवावं लागतं, त्याला वेगळी रॅम द्यावी लागते. वाइनमध्ये विंडोज नसतंच. एफएल स्टुडिओच्या सूचना प्रोसेसर जशाच्या तशा पाळतो, कारण प्रोसेसर तोच, इंटेलचा. फरक पडतो तो प्रोग्राम सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा: ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज बाहेर सोड. विंडोजमध्ये या मागण्या डीएलएल फाइलींकडे, म्हणजे अशी कामं करून देणाऱ्या तयार कोडच्या फाइलींकडे जातात. वाइनने त्याच नावांच्या डीएलएल स्वतः लिहिल्या आहेत. कचेरीबाहेरचा अर्जनवीस आपलं म्हणणं ऐकून साहेबाला चालेल अशा भाषेत अर्ज लिहून देतो, तसं वाइन प्रत्येक मागणी लिनक्सला कळेल अशी करून पुढे पाठवतं.

मॅकवर एक काम वाढतं. एम-वन आणि पुढच्या मॅकमध्ये प्रोसेसरच वेगळा, म्हणून ॲपलचं रोझेटा आधी प्रोसेसरच्या सूचनाच बदलून देतं. क्रॉसओव्हर हे वाइनवरच उभं असलेलं विकतचं सॉफ्टवेअर तिथे लोक वापरतात. ते बनवणारी कोडवीव्हर्स कंपनी वाइनच्या कामाला पगारी माणसंही देते, त्यामुळे ते विकत घेतलं तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

[आवाजाची लहर मोठी होत जाते. मध्येच एक बारीक तुटलेली जागा. 'चट्ट'.]

हा 'चट्ट' ऐकला?

वाइनवर वर्ड चालवताना पान अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर काही बिघडत नाही. गेममध्ये एखादी फ्रेम गळली तरी डोळा माफ करतो. कान करत नाही. आवाजाचा हिशेब सांगतो. सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, आणि एका वेळी 256 नमुन्यांचं बफर, म्हणजे कॉम्प्युटरला पुढचा तुकडा तयार करायला मिळतात जेमतेम 5.3 मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचे सगळे प्लगइन आपापलं गणित करून मोकळे झाले पाहिजेत. उशीर झाला की 'चट्ट'. बफर 1024 केलं तर चट्ट थांबतो, पण मग हेडफोनमध्ये गायकाला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो गाताना अडखळतो.

म्हणून गाण्याच्या सॉफ्टवेअरला वाइनने नुसतं उत्तर देऊन भागत नाही, ते वेळेवर द्यावं लागतं. वर्षानुवर्षं इथेच घोडं अडलं होतं. प्रोग्राममधल्या एका थ्रेडने (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) दुसऱ्याची वाट बघायची तर ते काम वाइनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोसेसमार्फत व्हायचं, दरवेळी तिकडे हेलपाटा. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 6.14 मध्ये (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) एनटीसिंक हा ड्रायव्हर वापरण्याजोगा झाला आणि ते काम थेट कर्नलमध्ये नेण्याची सोय झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 6.12 मध्ये, रिअल-टाइमचा, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकण्याचा, प्रदीर्घ रखडलेला पॅच मुख्य कर्नलमध्ये आला होता. जुने अनुभव ऐकून ज्यांनी हा नाद सोडला, त्यांनी आता पुन्हा बघायला हरकत नाही.

भाचीने केलेली कामं साधीच. युजरला ऑडिओला अग्रक्रम देण्याची परवानगी दिली. प्रोसेसरचा वेग कमी-जास्त होऊ नये म्हणून गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवला. एफएल स्टुडिओला वाइनएसिओ जोडलं, म्हणजे त्याला वाटतं आपण एसिओ या विंडोजच्या झटपट ऑडिओ ड्रायव्हरशी बोलतोय, आणि आवाज जॅकच्या वाटेने पाइपवायरकडे, म्हणजे लिनक्सच्या आवाज वाहून नेणाऱ्या यंत्रणेकडे जातो. यूएसबी ऑडिओ इंटरफेसला ड्रायव्हर टाकावाच लागला नाही.

आणि तरीही मे महिन्यात दुपारी चट्ट यायचाच. बराच शोध घेतला, दोष वाइनचा निघाला नाही. कूलर बंद, खोली बंद, प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो आणि 5.3 मिलिसेकंद पुरत नाहीत. केस उघडून धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. आता उन्हाळ्यात गायनाचे टेक सकाळी, मिक्सिंग दुपारी.

[रीपरची खिडकी. आत एका सिंथचं (सिंथेसायझरचं) विंडोज प्लगइन.]

नवी गाणी मात्र एफएल स्टुडिओत होत नाहीत. रीपर हे गाणी बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर लिनक्सवर अस्सल चालतं, म्हणून मुख्य काम त्यात आणि विंडोजचे प्लगइन तेवढे याब्रिजने आत घेतलेले. माझ्या मते हीच शहाणी वाटणी. याब्रिज प्रत्येक विंडोज प्लगइनला एक लिनक्सची फाइल जोडून देतो. रीपरला ती दिसते, खरं प्लगइन मागे वाइनमध्ये चालतं आणि आवाज दोघांच्या सामाईक मेमरीतून ये-जा करतो. मामांचा लाडका 32 बिटचा जुना सिंथही 64 बिट रीपरमध्ये असाच बसला. 

कटकटी आहेतच. काही प्लगइनच्या खिडक्या काळ्या येतात, काहींचे फॉन्ट गायब. वाइन 9.22 पासून याब्रिजमध्ये आणखी एक गंमत झाली: बटण एका जागी दिसतं, क्लिक दुसरीकडेच लागतो. म्हणून पुष्कळांनी 9.21 घट्ट धरून ठेवलं, आणि भाचीने अपडेटवर टाळा लावला. हातात हंगामाचं काम असताना कोणी "नवं व्हर्जन आलंय" म्हणालं की मामा त्याला चहा पाजून वाटेला लावतात.

एका ठिकाणी वाइनचं काही चालत नाही. ते म्हणजे कुलूप. आयलॉकसारख्या, प्लगइनचं लायसन्स तपासणाऱ्या संरक्षणाला स्वतःचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसवायचा असतो, आणि वाइनमध्ये तो कर्नल मुळातच नाही. अर्ज कितीही नीट लिहिला तरी घ्यायला पलीकडे टेबलच नाही. पैसे मोजून, पावती घेऊन आणलेलं प्लगइन चालत नाही आणि क्रॅक केलेलं बिनबोभाट चालतं, असा उफराटा न्याय इथे दिसतो. खरेदी करणाऱ्यालाच शिक्षा देणारी ही पद्धत मला पटत नाही. पण क्रॅकसोबत आणखी काय काय मशीनमध्ये येतं याचा भरवसा नसतो, म्हणून भाचीने तो रस्ता बंद ठेवलाय.

मामांची अशी दोन प्लगइन आहेत. त्यांच्यासाठी कपाटाखाली एक विंडोज 10 चा डबा आहे, नेटची वायर काढलेला. गाणं पुरं झालं की भाची कोरसचा ट्रॅक वेव्ह फाइल करून पेन ड्राइव्हवर तिकडे नेते, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, चढवते आणि तसाच परत आणून रीपरमध्ये ठेवते. रिव्हर्बचा एक आकडा बदलायचा म्हटला तरी हा फेरा पुन्हा पहिल्यापासून. मामांनी तिला आता लिनक्सवरच चालणारा तसाच रिव्हर्ब शोधायला सांगितलंय. तिने तीन ऐकवले. त्यातला एक त्यांना बरा वाटतोय, पण "थोडा पातळ आहे", असं त्यांचं म्हणणं आहे.