पेस्ली गुहांमधला पुरावा

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य म्हटलं की पाऊस आणि घनदाट जंगलं आठवतात. पण कॅस्केड पर्वतरांग ओलांडून पूर्वेला उतरलं की पाऊस मागेच राहतो. समोर पसरतं ते चार-साडेचार हजार फूट उंचीवरचं वाळवंट. सेजब्रशची राखाडी झुडपं, खारट तळी, उघडा काळा खडक. पेस्ली नावाच्या छोट्या गावाजवळ अशाच एका कड्यात ओळीनं काही गुहा आहेत. हिमयुगात इथं मोठा तलाव होता आणि त्याच्या लाटांनी या गुहा कोरल्या. अमेरिका खंडात माणूस कधी आला, या वादात या गुहांचं नाव आज पहिल्या काही नावांत घेतलं जातं.

ल्यूथर क्रेसमन या प्राध्यापकांनी १९३८ साली जवळच्याच फोर्ट रॉक गुहेत खोदकाम केलं. तिथं त्यांना सेजब्रशच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, एक-दोन नव्हे, डझनावारी! त्यांच्या वर माझामा ज्वालामुखीच्या राखेचा थर होता. हा पर्वत सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी फुटला आणि कोसळला. तिथं आज क्रेटर लेक हे सरोवर आहे. राखेखाली सापडलेली वस्तू त्या स्फोटाच्या आधीची, हे उघड होतं. (आपल्याकडे जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी गावीही ज्वालामुखीची राख सापडली आहे आणि तिच्या वयावरून अभ्यासकांनी बराच वाद घातला आहे.) पुढे कार्बन कालमापनात या चपला नऊ हजार वर्षांहून जुन्या ठरल्या. त्या भागातल्या क्लॅमथ लोकांच्या कथांमध्ये हा पर्वत कोसळल्याची आठवण आजही सांगितली जाते.

क्रेसमन पेस्लीलाही गेले. तिथं त्यांना नामशेष झालेल्या उंटांची आणि घोड्यांची हाडं मिळाली, सोबत माणसाच्या वावराच्या खुणाही. त्यांना खात्री होती की दोन्ही एकाच काळातली आहेत. पण त्या वेळच्या नोंदी तेवढ्या काटेकोर नव्हत्या आणि इतरांना ते पटलं नाही.

साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. २००२ साली ओरेगॉन विद्यापीठाचे डेनिस जेन्किन्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेले. माती थराथरानं काढायची, चाळायची, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवायची, असं काम सुरू झालं. गुहा इतक्या कोरड्या की दोऱ्या, विणकामाचे तुकडे, अगदी वाळलेली विष्ठासुद्धा टिकून होती. त्या विष्ठेनंच इतिहास बदलला. कोपनहेगनमधल्या प्रयोगशाळेत तिच्यात मूळ अमेरिकन लोकांच्या वंशाचा डीएनए मिळाला आणि २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला : वय १४,००० वर्षांहून अधिक. तोवर सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या, क्लोव्हिस नावानं ओळखल्या जाणाऱ्या खास घडणीच्या भाल्यांचे कर्तेच अमेरिकेतले पहिले रहिवासी, असं बहुतेक जण मानत होते.

लगेच आक्षेप आले, आणि ते रास्त होते. नंतरच्या माणसांचा डीएनए पाण्याबरोबर झिरपून खालच्या थरात गेला नसेल कशावरून? ही विष्ठा एखाद्या प्राण्याचीच नसेल कशावरून? या शंकांना मिळालेलं उत्तर मला मूळ शोधाइतकंच मोलाचं वाटतं. जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर पुन्हा तपासले, जवळपास दोनशे कार्बन तारखा काढल्या आणि थर विस्कटलेले नाहीत हे २०१२ साली दाखवून दिलं. त्याच खोदकामात भाल्याची दांडीदार टोकं मिळाली. ती क्लोव्हिसच्या टोकांपेक्षा वेगळ्या घडणीची आणि किमान तितकीच जुनी आहेत. म्हणजे त्या काळात हत्यारं घडवण्याच्या निदान दोन परंपरा नांदत होत्या.

तरी डीएनएचा प्रश्न पुरता मिटला नव्हता. २०२० साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या लिसा-मरी शिलिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. विष्ठेतल्या स्निग्ध पदार्थांवरून ती माणसाची की प्राण्याची हे ओळखता येतं, आणि हे पदार्थ पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून झिरपत नाहीत. क्लोव्हिसच्या आधीचे तीन नमुने निःसंशय माणसाचे निघाले. केवळ डीएनएवर विसंबणं धोक्याचं आहे, हेही त्याच अभ्यासानं बजावलं. शिवाय विणकामाच्या एका तुकड्याची तारीखही क्लोव्हिसपूर्व काळातली निघाली. तो तुकडा माणसाच्या हातचाच, त्याबद्दल शंकेला जागा कुठून असणार?

याच वाळवंटात पूर्वेकडे रिमरॉक ड्रॉ या ठिकाणीही काम झालं आहे. तिथल्या प्राण्यांच्या दातांचं वय सुमारे १८,२५० वर्षं असल्याचं २०२३ साली जाहीर झालं. जवळच दगडी हत्यारंही आहेत. ते दात आणि ती हत्यारं एकाच काळातली का, हा प्रश्न पेस्लीइतक्याच कसोशीनं विचारला जायला हवा. तोपर्यंत मी तरी पेस्लीच्या चौदा हजारांवरच भरवसा ठेवीन.

नमस्कार.