पाहणी किती वाजता केली?

मंडळी, इथे नवी मुंबईत निम्म्या लोकांनी घर घेताना माहितीपत्रकात अग्निपंखांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, फोटो पाहिला असणार. पक्ष्यांचा फोटो दाखवून फ्लॅट विकायचा आणि पुढच्या टप्प्यात पक्ष्यांच्या जागेवरच भराव टाकायचा, हा आपल्याकडचा जुना धंदा. त्यावर चिडून काही होत नाही. कागद कुठे फिरतो ते बघू.

ठाणे खाडीत १६.९ चौरस किलोमीटरचं अभयारण्य २०१५ साली झालं. २०२२ मध्ये खाडीचा ६५ चौरस किलोमीटरचा पट्टा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. छान झालं. पण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. अग्निपंखाला खायला चिखल लागतो, उभं राहायला उथळ पाणी. मग थवे उडतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, उरणमध्ये पाणजेला उतरतात. ओहोटी लागली की परत खाडीत. म्हणजे पक्ष्यांचं घर अभयारण्यात आणि ओसरी बाहेर. पालिकेच्या फायलीत मात्र प्रश्न एकच असतो: भूखंड अभयारण्यात येतो का? नाही. झालं, शेरा पडला.

२०१७ चे पाणथळ नियम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू देत नाहीत. पण त्याच नियमांनी मिठागरं, मत्स्यशेतीची तळी, सिंचनासाठी केलेले जलसाठे व्याख्येतून वगळलेत. आपल्या किनाऱ्यावर खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट दलदल, कुठे संपतं आणि मिठागर कुठे सुरू होतं, हे आगरी म्हाताऱ्याला विचारावं लागतं. नकाशावर ती रेघ कुणीतरी टेबलावर बसून मारलेली असते. शिवाय तळं मारायला ५० मीटरच्या आत यावंच लागत नाही. भरतीचं पाणी ज्या तोंडातून आत येतं ते बुजवलं की पुरे. नेरूळच्या तळ्याचं २०२४ मध्ये तेच झालं. पाण्याची वाट अडली, तळं सुकलं, आणि त्याच उन्हाळ्यात तिथे मेलेले अग्निपंख सापडले. तळ्यावर एकही इमारत उभी नव्हती.

आता प्रक्रिया. आपलं बोलणं कायद्याने ऐकलं जातं ते प्रारूप विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा, किंवा नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यातल्या फेरबदलाची नोटीस निघते तेव्हा. आराखड्याच्या हरकती नियोजन समिती ऐकते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. त्यानंतर विकासक ले-आउट मंजुरीला टाकतो, त्या टप्प्यावर जाहीर सुनावणी नाही. जागेभोवती कुंपणाचे पत्रे लागल्यावर लोक धावतात, तोवर आपली पाळी होऊन गेलेली असते. मग उरतं कोर्ट. नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि घरांची वाट मोकळी करणारे शासनाचे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले, पण प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या रस्त्याला किती वर्षं लागतात ते तुम्ही जाणता.

म्हणून हरकत नीट लिहा. ‘निसर्ग वाचवा’ असं लिहिलेले शेकडो अर्ज एका शेऱ्यात निकाली निघतात. सर्व्हे नंबर लिहा, पाणी कुठून येतं ते तोंड नकाशावर खूण करून दाखवा. आणि स्थळपाहणीचा अहवाल मागवून आधी तारीख आणि वेळ बघा.

कोळी लोकांचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला आणि दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. कार्यालयीन माणूस पाहणीला निघतो अकरा-बाराला. अष्टमीला गेला तर त्याला तडकलेला चिखल दिसेल आणि तो प्रामाणिकपणे लिहील, ‘जागा पडीक व कोरडी’. त्याच माणसाने अमावास्येला जावं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी बाराला तळं काठोकाठ आणि वर गुलाबी थवा.

तेव्हा अहवालाची तारीख मिळाली की पंचांग उघडा. त्या दिवसाची तिथी हरकतीत लिहा, आणि उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी फेरपाहणी मागा, तुमच्या समक्ष.