आधी गाड्या, मग दुकानं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'साउथडेल आणि उपनगराचं भवितव्य'. भवितव्याकडे येतोच, आधी पार्किंग. हसू नका. मॉलचा नकाशा दुकानांपासून सुरू होतो असं ज्याला वाटतं, त्यानं पानाची टपरी काढावी.

मिनियापोलिसला लागून ईडायना नावाचं उपनगर आहे. तिथं ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल उघडला. अमेरिकेतला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा हा पहिला उपनगरी मॉल. आराखडा व्हिक्टर ग्रूएन यांचा, पैसा मिनियापोलिसच्या मोठ्या दुकानाच्या मालकांचा, डेटन कंपनीचा. ७२ दुकानं आणि ५,२०० गाड्यांची जागा! गाडी नुसती उभी करायला पावणेदोनशे चौरस फूट पुरतात. पण तिला आत यायला, वळायला वाट लागते. ती धरली की ३००. गुणाकार करा: १५,६०,००० चौरस फूट, म्हणजे जवळपास ३६ एकर. दुकानांचा पसारा आठ लाखांच्या आसपास. घरापेक्षा अंगण दुप्पट!

आणि हे अंगण सपाट चालत नाही. डांबराला शंभर फुटांत दीड-दोन फूट उतार हवाच. कमी दिलात तर पाणी साचतं, आणि मिनेसोटात ते साचून थांबत नाही, गोठतं. जास्त दिलात तर भरलेली ट्रॉली सुटते आणि नेमकी नव्या गाडीवर जाते. (जुन्या गाडीवर गेल्याचं कुणी ऐकलंय?) बर्फ रात्रीतून ढकलून कोपऱ्यात रचायचा, तर ढिगाखाली जागा अडतात; तेही डिसेंबरात, जेव्हा गर्दी सगळ्यात जास्त.

ग्रूएनची खरी करामत उताराचीच. दुकानं एकाच मजल्यावर पसरली की गिऱ्हाईक चालून थकतं. दोन मजले केले की वरचा ओस पडतो आणि भाडं घसरतं. त्यांनी पार्किंगच दोन पातळ्यांवर केलं. काही दारं खालच्या मजल्यावर उघडतात, काही थेट वरच्या. जिना चढून आलो असं कुणाला वाटतच नाही. आपल्याकडे बेसमेंटातून लिफ्टनं थेट फूड कोर्ट गाठतात. मधला मजला लिफ्टच्या दारातून दिसतो तेवढाच. मग तिथल्या काचांवर 'लवकरच येत आहे' वर्षभर लटकतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळवतो.

डेटननं प्रतिस्पर्धी डोनाल्डसन्सलाही त्याच छपराखाली घेतलं. दोन मोठी दुकानं दोन बाजूंना. गिऱ्हाईक एकातून दुसऱ्याकडे जाताना मधल्या छोट्यांची विक्री होते. भवितव्य: आराखडा ४६३ एकरांचा होता. घरं, शाळा, दवाखाना, तळं, सगळं त्यात. ग्रूएनना गाव वसवायचं होतं, पण मॉल उठला, भोवतालच्या जमिनीचा भाव चढला आणि गाव कागदावरच राहिलं. त्यात १९५४ च्या करबदलानं नव्या इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट, पहिल्या वर्षांतच भरघोस दाखवता येऊ लागला. घसारा इमारतीवर मिळतो, जमिनीवर नाही. म्हणून स्वस्त जमीन शोधत बिल्डर शहराबाहेर धावले. ग्रूएन पुढे व्हिएन्नाला परतले, आणि १९७८ मध्ये लंडनच्या भाषणात त्यांनी या मॉलांचं पितृत्वच झटकलं.

करांचा भाग राहिला, तो प्रश्नोत्तरांत. बाहेर गेटवर कुणाची तरी पांढरी गाडी आडवी लागलीय म्हणतात. आधी ती काढा.