मिठाचं पाकीट आणि उपवनची फेरी

सकाळचे सहा वाजलेत, ठाण्याचा उपवन तलाव. समोर येऊरचा डोंगर अजून अंधुक आहे पण काठावर चालणाऱ्यांची गर्दी झालीय. पांढऱ्या टोपीतले हे काका बघा, वर्तकनगरहून रोज चालतच येतात. आठ महिन्यांपूर्वी पहिल्याच फेरीत बाकावर टेकायचे. वजन 84 किलो, बीपी 152/96, आणि त्रास म्हणाल तर काहीच नाही, ना डोकं दुखायचं ना चक्कर, म्हणूनच बरेच जण बीपी मोजायलाही जात नाहीत.

आता काकूंच्या किचनमध्ये चला, खरं काम इथे झालंय. ओट्यावरचं हे मिठाचं पाकीट एक किलोचं. घरात माणसं चार, आणि पाकीट तीन आठवड्यांत संपायचं. काकूंनी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला तर माणशी दिवसाला जवळपास 12 ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तोही पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं धरून. आणि काकूंच्या हिशोबात विकतचे पापड, लोणचं, फरसाण, वडापावसोबतची ती खारी मिरची आलेलीच नाही. जास्तीचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो तो असा.

काकूंचा हात बघा. आधी चिमटीने अंदाजे पडायचं, आता मोजून. कणकेत मीठ नाही. ताटात लिंबाशेजारी मीठ वाढायचं तेही बंद, लिंबू तेवढं राहिलं. पहिले पंधरा दिवस काकांना सगळंच अळणी लागलं, चिडचिड झाली, पण काकू बधल्या नाहीत. कोकम, लसणाची फोडणी, भरपूर कोथिंबीर, आणि भाताचा दुसरा वाढा गेला त्याजागी पालेभाजी आली. हळूहळू जीभ सरावली, आता बाहेरचं फरसाण काकांनाच खारट लागतं.

चालणं रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस तरी, म्हणजे 150 मिनिटं. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. वजन 77 वर आलंय. साधारण एक किलो उतरलं की वरचा आकडा एखाद्या पॉइंटने उतरतो, बाकी काम कमी मीठ आणि चालण्याचं. बीपीची गोळी चालूच आहे, डोस डॉक्टरांनी कमी केला, मनाने कुणी बंद करू नका, वाढलेलं बीपी मेंदू, हृदय, किडनी सगळ्यांनाच इजा करतं.

आणि हे मोजणं नीट बघा. चहा अजून घेतलेला नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा फुगतोय.

132/84.

काकू वहीत तारीख टाकून आकडा लिहितात, आणि मिठाचं नवीन पाकीट फोडतात. त्याच्यावरही पेनाने तारीख. आधीचं दीड महिना पुरलं.