चिपीच्या आकाशातले कॉलसाइन

चिपीचा सडा, सिंधुदुर्गाचा विमानतळ. पाऊस नुकताच सरलाय, जांभ्यावरचं गवत अजून हिरवं आहे. कुंपणाबाहेर पोरं सायकली आडव्या टाकून उभी, नजर वर. ९ ऑक्टोबर २०२१ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान इथे उतरलं, अलायन्स एअरचं. रेडिओवर मात्र ते 'अलाईड'. तसंच इंडिगोचं 'आय-फ्लाय', ब्रिटिश एअरवेजचं 'स्पीडबर्ड'. या नावापुढे फ्लाइटचा नंबर लागला की झाला कॉलसाइन. तो पूर्णच बोलायचा. कितीही घाई असो, नाव गाळायचं नाही, आकडा तोडायचा नाही.

एखादं खासगी छोटं विमान आलं, तर बहुतेक वेळा अंगावर रंगवलेली अक्षरंच त्याचा कॉलसाइन. ही पाहा, जवळून: व्ही, टी. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी याच दोन अक्षरांनी सुरू होते. रेडिओवर ती 'व्हिक्टर टँगो'. रेडिओच्या खरखरीत 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात, म्हणून 'ब्राव्हो' आणि 'डेल्टा'. १९५६पासून जगभरच्या विमानांत हीच अक्षरमाला चालते. नऊ म्हणजे 'नायनर', पाच म्हणजे 'फाईफ'.

एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कानात नुसती शिट्टी. जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोलर सूचना देतो, पायलट ती परत म्हणून दाखवतो, सोबत आपला कॉलसाइन सांगतो. आणि कंट्रोलर ते पुन्हा कान देऊन ऐकतो, चुकलं तर तिथल्या तिथे सुधारतो. या कामातलं हे ऐकणंच मला सगळ्यांत मोठं वाटतं. सारखे वाटणारे दोन नंबर एकाच वेळी आले, तर तो एकाचा कॉलसाइन तेवढ्यापुरता बदलूही शकतो.

१९७७मध्ये टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. ऐन वेळचे दोन संदेश एकमेकांवर आले होते.

कंट्रोलरचं हे काम कोकणातल्या मुलामुलींनी करावं, असं मनापासून वाटतं. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी केलेल्यांना किंवा इंजिनीअर झालेल्यांना भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, परीक्षा देता येते. इंग्रजी फाडफाड नसलं तरी चालेल, स्पष्ट आणि नेमकं हवं. अकरावीला शाखा निवडतानाच हे घरात माहीत असायला हवं. तिथे मॅथ्स सुटलं की ही वाट बहुतेकांसाठी बंद होते.