कॉलरमागचं लेबल

शर्टच्या कॉलरमागं हे एवढंसं लेबल असतं ना, मेड इन बांगलादेश, मेड इन व्हिएतनाम, ते ठरवतं कोण? आपल्याला वाटतं जिथं मजुरी स्वस्त तिथं कारखाना, विषय संपला. पण तसं असतं तर चीनमधली मजुरी वाढल्यावर सगळ्या कंपन्या कधीच गाशा गुंडाळून निघून गेल्या असत्या.

नाही गेल्या, आणि त्यामागं एक कारण म्हणजे हे बटण. हसू नका. झेजियांग प्रांतात चियाओटौ नावाचं गाव आहे, तिथं बटणं आणि चेन बनवणं हाच धंदा. बटणाची शेड जरा चुकली की दुसरा सप्लायर शेजारीच, तेच बटण बाहेरून मागवायचं म्हटलं की आठवडा गेला आणि तोवर शिलाईची लाइन बंद.

मग बांगलादेश कशाला? तर ड्युटी. युरोपात शर्टवर साधारण १२ टक्के आयात शुल्क लागतं, बांगलादेशला अतिगरीब देश म्हणून २००१ पासून शून्य, आणि २०११ पासून तर कापड बाहेरून आणून नुसतं तिथं शिवलं तरी चालतं. व्हिएतनामचाही युरोपशी करार आहे, २०२० पासून लागू, पण त्यात कापडाचीच अट आहे, म्हणजे चिनी कापड आणून शिवलं की सवलत गेली. इथं भलेभले सोर्सिंग मॅनेजर, म्हणजे माल कुठं बनवून घ्यायचा हे ठरवणारे, अडकतात, सगळा हिशेब शिलाईचा करतात आणि कापड कुठलं हे शेवटी बघतात.

मोबाईलचं गणित वेगळं. सॅमसंगनं २००९ मध्ये व्हिएतनामच्या बाक निन्हमध्ये फोन बनवायला घेतले, पार्टवाले मागोमाग आले, २०१९ मध्ये चीनमधला स्वतःचा शेवटचा फोन कारखाना बंद.

२०१३ मध्ये ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. तरी बहुतेक मोठे ब्रँड तिथून हलले नाहीत, इमारतींच्या तपासणीचा करार केला आणि ऑर्डरी चालूच राहिल्या. ड्युटी शून्यच होती ना.

आणि हे बांगलादेशचं चितगाव बंदर. नदीतलं, उथळ, भरतीची वाट बघायला लावणारं. मोठं जहाज आत येतच नाही, मग छोट्या जहाजानं कोलंबो नाहीतर सिंगापूर गाठायचं आणि तिथं कंटेनर पुन्हा चढवायचा. यात उशीर झाला तर माल विमानानं जातो, आणि ते भाडं बहुतेक वेळा ब्रँड नाही, कारखानदारच भरतो.